कारणांकडून अंतराकडे : आत्महत्येवरील पुस्तकांची दीडशे वर्षे

मराठीत स्वतःहून ओढवून घेतलेल्या मरणासाठी दोन तऱ्हेचे शब्द आहेत. एक कागदावरचे : आत्महत्या, आत्मघात, देहत्याग, प्रायोपवेशन. दुसरे ओटीवरचे : जीव दिला, जिवाचे बरेवाईट करून घेतले, विहीर जवळ केली. कागदावरचा शब्द गेलेल्या माणसालाच मारेकरी ठरवतो. ओटीवरची भाषा तसे करत नाही. 'विहीर जवळ केली' असे म्हणणारी म्हातारी नकळत एक निदान सांगून जाते. विहीर जवळ होती आणि माणसे लांब होती, असा त्याचा अर्थ. या विषयावरची पुस्तके वाचत गेल्यावर माझ्या लक्षात आले, की शास्त्रज्ञांना त्या निदानापर्यंत यायला शंभर वर्षे लागली.

मी समाजशास्त्राचा पदवीधर नाही, डॉक्टरही नाही. उंबरमाळीहून कसारा लोकल पकडावी, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८६४) नाहीतर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) दिवस काढावा आणि शेवटच्या गाड्या चुकवू नयेत, एवढेच माझे विद्यापीठ. या विषयाचे पुस्तक कुठेही मागितले, की देणारा आधी आपल्या तोंडाकडे पाहतो. ते पाहणे काळजीचे असते, म्हणून त्याचा राग येत नाही. पण त्यातून हेही कळते, की हा विषय वाचण्याचा आहे असे आपल्याला वाटतच नाही.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे असा मृत्यू झाला, की दहाव्यापर्यंत एकच प्रश्न फिरतो : का केले? आणि दहाव्यापर्यंत त्याचे उत्तरही तयार होते : दारू, कर्ज, भांडण, नापास, दुखणे. सरकारी कागदही हेच विचारतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. कारणांच्या रकान्यात 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के आणि 'आजारपण' १८.४ टक्के. हे आकडे वाचून पुढच्या माणसाला कसे वाचवायचे ते कळत नाही, कारण कौटुंबिक समस्या आणि आजारपण नाही असे घर शोधून सापडणार नाही. तीच अडचण असलेली हजार माणसे जगतात आणि एक जात नाही, हे कोडे कारणांच्या यादीने सुटत नाही. या कोड्याशी पुस्तके कशी झुंजली, त्याचा हा थोडक्यात इतिहास.

पाप, गुन्हा आणि दोन जुन्या गोष्टी

धर्मशास्त्राने या मरणाला पाप म्हटले. मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांच्याही स्मृतींत आत्मघात करणाऱ्याला उदक देऊ नये असे आहे. पण त्याच परंपरेने महाप्रस्थान, प्रायोपवेशन आणि प्रयागासारख्या तीर्थावरचा देहत्याग यांना वाट मोकळी ठेवली. ही सारी उलटसुलट वचने महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात एकत्र मांडली आहेत. ती वाचताना जाणवते, की शास्त्रकारांचे या प्रश्नावर कधीच एकमत नव्हते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात 'आशुमृतकपरीक्षा' नावाचा अध्याय आहे. अचानक मेलेल्या माणसाच्या प्रेताची तपासणी कशी करावी, हा त्याचा विषय. मरण स्वतःहून आले की कोणी घडवून आणले, हे अधिकाऱ्याने कसे ओळखावे, कोणाकोणाला विचारावे, याच्या बारीक सूचना त्यात आहेत. आजच्या पंचनाम्याचा हा पूर्वजच. पण त्याच अध्यायात काम-क्रोधापायी जीव देणाऱ्याचे प्रेत दोरीने राजमार्गावरून ओढत न्यावे आणि त्याला अग्नी देऊ नये, अशीही आज्ञा आहे. प्रेताला शिक्षा करून जिवंतांना धाक घालायचा, असा हा हिशोब.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ घालून तोच हिशोब वाचलेल्या माणसाला लावला. मरता मरता वाचलेला माणूस गुन्हेगार ठरला. त्यामुळे घरचे लोक डॉक्टरला खरे सांगेनासे झाले. 'चुकून प्यायला', 'पाय घसरला' ही आपल्याकडची ठरावीक उत्तरे त्या कलमाच्या भीतीतूनही आली आहेत.

या कलमाला पहिला मोठा तडा महाराष्ट्रातच गेला. मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाला रस्त्यावरच्या अपघातानंतर मानसिक आजार जडला होता. बायकोच्या भाजीच्या गाळ्याच्या परवान्यासाठी खेटे घालून थकल्यावर त्याने महापालिकेच्या दारात जीव द्यायचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच दिशा धरली आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात ती फिरवून कलम पुन्हा जिवंत केले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने सांगितले, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे धरावे आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे जुने कलम नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला आहे. हा बदल अजून गावातल्या बहुतेकांना माहीत नाही. दवाखान्यात नेले तर केस होईल, या भीतीने आजही वेळ दवडली जाते.

शास्त्र आणि कायदा असे शिक्षेच्या मागे असताना आपल्या दोन महाकाव्यांनी मात्र वाचवण्याच्या गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. सुंदरकांडाच्या तेराव्या सर्गात सीता न सापडल्याने हनुमान खचतो. तो मनात एक साखळी जुळवतो : मी रिकामा परतलो तर राम जगणार नाही, मग लक्ष्मण, मग भरत-शत्रुघ्न, माता, मग सुग्रीव, तारा, अंगद. परतायचे नाही, इथेच संपवावे, असा विचार त्याच्या मनात येतो. मग तो स्वतःच म्हणतो, की जीव संपवण्यात दोष फार आहेत, जगलो तर काही चांगले हाती लागेल. तो उठतो आणि न शोधलेली अशोकवाटिका पाहायला निघतो. एका मरणामागे किती घरे कोसळतात, याचा इतका नेमका हिशोब मी नंतर कुठल्या अहवालातही वाचला नाही.

दुसरी गोष्ट कर्णपर्वातली. गांडीव दुसऱ्याला दे असे म्हणेल त्याला ठार मारीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि जखमी युधिष्ठिराच्या तोंडून नेमके तेच शब्द निघतात. कृष्ण तोड काढतो : थोरल्याला 'तू' म्हणून अपमानित करणे म्हणजे त्याला मारणेच. अर्जुन तसे करतो आणि लगेच पुन्हा तलवार उपसतो, आता स्वतःसाठी. कृष्ण विचारतो, आता ही कशाला? तो उपदेश करत बसत नाही, धिक्कारही करत नाही. आत्मस्तुती म्हणजेच आत्मवध, असे सांगून तो अर्जुनाला स्वतःचे गुण गायला लावतो. तो क्षण टळतो. या प्रसंगात कृष्णाने केलेल्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तो जवळ होता, त्याने स्पष्ट विचारले आणि त्याने वेळ काढला.

मोजणारी माणसे

एकोणिसाव्या शतकात युरोपात सरकारे मृत्यूंची नोंद नियमित ठेवू लागली आणि एक विलक्षण गोष्ट दिसली. आत्महत्या ही माणसाची सर्वांत खासगी कृती. पण प्रत्येक देशाचा दर वर्षानुवर्षे जवळपास सारखाच राहत होता. इटलीतल्या मोर्सेली या डॉक्टरचे त्यावरचे पुस्तक १८७९ चे. १८८१ मध्ये मासारिक नावाच्या तरुण अभ्यासकाचे आले. आधुनिक समाजात माणूस श्रद्धेचा आधार गमावतो म्हणून हे वाढते, असे त्याचे म्हणणे. हाच मासारिक पुढे १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

१८९७ मध्ये एमिल द्युर्केमचे 'ल सुइसीद' प्रसिद्ध झाले. आपल्याकडे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरते भेटते : चार प्रकार पाठ करायचे आणि सोडून द्यायचे. प्रत्यक्षात ते फार पोटतिडकीने लिहिलेले पुस्तक आहे. द्युर्केमचा जवळचा मित्र व्हिक्टर ओम्मे १८८६ मध्ये असाच गेला होता. पुस्तकासाठी द्युर्केमचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६,००० प्रकरणांची वर्गवारी करून दिली. निष्कर्ष साध्या भाषेत असा : माणूस समाजाशी फार सैल बांधला गेला तरी धोका आणि फार घट्ट बांधला गेला तरी धोका. जगण्याचे नियम अचानक कोसळले तरी धोका आणि नियमांनी श्वास कोंडला तरी धोका. हा चौथा प्रकार द्युर्केमने एका तळटीपेत उरकला. आपल्याकडच्या सासुरवाशिणी आणि वेठबिगार पाहिले, की ती तळटीप खरे तर आपल्यासाठी एक प्रकरण व्हायला हवी होती असे वाटते.

मुंबईतही मोजणी सुरू झाली होती. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात 'पारसी प्रकाश'चे कर्ते बमनजी बैरामजी पटेल शहरातल्या आत्महत्यांची आकडेवारी मांडत असत. म्हणजे द्युर्केमच्या काळातच आपल्या दाराशी हा अभ्यास चालू होता. मराठीत मात्र तो रुजला नाही.

आदिवासी भागात राहणाऱ्याने वाचावे असे पुस्तक व्हेरियर एल्विन यांचे : 'मारिया मर्डर अँड सुइसाइड', १९४३. बस्तरच्या मारियांमधले शंभर खून आणि पन्नास आत्महत्या यांचा तो अभ्यास. एल्विन यांनी आकड्यांच्या मागे जाऊन एकेका प्रकरणाचे कागद वाचले. 'आदिवासी भोळा, आनंदी, त्याला कसली आली निराशा' हा शहरी समज त्यांनी मोडून काढला. दुखणे, घरगुती कलह, लाज आणि अपमान हे जंगलातल्या पाड्यावरही माणसाला तितकेच आतून कुरतडतात, हे त्यांनी दाखवले. पुढे १९६३ मध्ये उपेंद्र ठाकूर यांचे भारतातील आत्महत्येच्या इतिहासावरचे पुस्तक आले. ते मुख्यतः ग्रंथांतून जाते. एल्विन माणसांतून जातात, म्हणून ते जवळचे वाटतात.

कळ कुठे येते

विसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रश्न आकड्यांकडून पुन्हा माणसाकडे वळला. लंडनमध्ये चॅड व्हाराह या धर्मोपदेशकाने १९५३ मध्ये एक टेलिफोन ठेवला आणि जीव नकोसा झालेल्यांनी बोलावे असे जाहीर केले. त्याच्या ध्यानात आले, की त्याला भेटायला येणारी माणसे बाहेरच्या खोलीत चहा देणाऱ्या साध्या स्वयंसेवकांशी बोलूनच पुष्कळदा हलकी होऊन परत जातात. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली.

अमेरिकेत एडविन श्नाइडमन यांना १९४९ मध्ये मृत्यूचौकशीच्या दप्तरात शेकडो अखेरच्या चिठ्ठ्या सापडल्या. आयुष्यभर ते त्याच अभ्यासात राहिले. १९५८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लॉस एंजेलिसला प्रतिबंध केंद्र काढले. १९९६ च्या 'द सुइसाइडल माइंड'मध्ये त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांचे सार सांगितले. जाणाऱ्याला मरण हवे नसते, असह्य कळ थांबायला हवी असते. त्या मनाच्या कळेला त्यांनी इंग्रजीत नवा शब्द घडवला. मराठीला घडवायची गरज नाही. पोटात कळ येते तशी मनातही येते, हे आपली भाषा जाणते. माणूस त्या कळेत बोगद्यातून पाहावे तसे पाहू लागतो, दोनच वाटा दिसतात. तिसरी वाट दिसेपर्यंत कोणी सोबत असेल तर पुष्कळदा तो परत येतो. म्हणून श्नाइडमन यांच्या लेखी विचारायच्या गोष्टी दोनच : कुठे दुखते आहे, आणि मी काय करू शकतो.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का' असे सरळ विचारले तर नसलेला विचार डोक्यात घुसेल, अशी भीती सुशिक्षितांनाही वाटते. संशोधनात त्याला आधार सापडलेला नाही. उलट, विचारल्याने बहुतेकांना मोकळे वाटते. अर्जुनाला कृष्णाने तेच विचारले होते.

सातबारा नसलेल्यांचे मरण

महाराष्ट्रात हा शब्द आज उच्चारला, की पुढे 'शेतकरी' हा शब्द आपोआप जोडला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवले. अमर हबीब यांच्या पुढाकाराने किसानपुत्र आंदोलन २०१७ पासून दर वर्षी त्या दिवशी अन्नत्याग करते. पी. साईनाथ यांची वार्तापत्रे, टाटा समाजविज्ञान संस्थेचा २००५ चा अहवाल, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा २००६ चा अहवाल, सदानंद देशमुख यांची 'बारोमास' : विदर्भ-मराठवाड्यावर लेखन बरेच झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. त्याने हे मरण एकट्याच्या दुबळेपणाचे नसून शेतीच्या व्यवस्थेचे आहे, हे महाराष्ट्राला पटवले.

पण त्याच काळात सरकारी कागदाने एक नवीन विटंबना आणली : 'पात्र' आणि 'अपात्र' आत्महत्या. वारसांना एक लाख रुपये, त्यांतले ३०,००० रोख आणि ७०,००० ठेवीत. ते मिळायला जमीन नावावर हवी, कर्ज मान्य संस्थेचे हवे, वसुलीचा तगादा हवा. सातबारा नवऱ्याच्या नावावर असलेली बाई शेतात राबून मेली तरी शेतकरी ठरणे कठीण. वनपट्ट्याच्या दाव्याची फाइल धूळ खात पडलेला ठाकूर किंवा कातकरी तर त्या यादीच्या वाटेलाही जात नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अहवालात शेतीवर जगणाऱ्यांच्या ११,२९० आत्महत्या आहेत. त्यांत महाराष्ट्राच्या ४,२४८. पण त्याच अहवालात सर्वांत मोठा गट, २६.४ टक्के, रोजंदारीवर जगणाऱ्यांचा आहे. त्या गटावर मराठीत पुस्तक शोधून पाहा.

आमच्या भागात हे रोजंदारीवाले कोण, हे दिवाळीत दिसते. भात झोडून झाले, की पाडे रिकामे होऊ लागतात. वीटभट्टीवाल्याकडून बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला अख्खे कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. हिशोब मालकाच्या वहीत. कायद्याने वेठबिगारी १९७६ मध्ये संपली. २०२१ मध्ये शेजारच्या मोखाडा तालुक्यातल्या एका आदिवासी बापाची बातमी आली. मुलगा गेला तेव्हा त्याच्या कफनासाठी ५०० रुपये उचल घेतली, ती फेडायला मालकाकडे राबत राहिला आणि शेवटी त्याने जीव दिला. बायकोच्या तक्रारीवरून वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. हे मरण कारणांच्या कोणत्या रकान्यात भरायचे? कर्ज म्हणावे तर बँक नाही. कौटुंबिक म्हणावे तर दुःख मुलाचे होते आणि जाच मालकाचा. द्युर्केमची ती तळटीप इथे वाचायची.

अंतर मोजणारी पुस्तके

कारणे शोधून थकलेल्या अभ्यासकांना एक अनपेक्षित वाट इंग्लंडमध्ये सापडली. तिथे १९६० नंतर घरगुती गॅसमधला विषारी अंश हळूहळू कमी होत गेला. उद्देश आत्महत्या थांबवण्याचा नव्हता, गॅस बनवायची पद्धत बदलली एवढेच. पण इंग्लंड-वेल्समधल्या वार्षिक आत्महत्या १९६३ मध्ये ५,७१४ होत्या, त्या १९७५ मध्ये ३,६९३ वर आल्या. नॉर्मन क्राइटमन यांनी १९७६ मध्ये हा संबंध दाखवला. 'ज्याला मरायचेच आहे तो दुसरा मार्ग शोधेल' हा जगातला सर्वांत पक्का समज त्या आकड्यांनी हलवला. दोन वर्षांनी रिचर्ड सायडेन यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका पुलावरून परत आणलेल्या ५१५ जणांचा माग काढला. पुढच्या वर्षांत त्यांच्यातले सुमारे ९४ टक्के जिवंत होते किंवा नैसर्गिक मरणाने गेले होते. ती घटका टळली, की बहुतेकांची ती वाट टळते.

आपल्याला जास्त लागू पडते ते श्रीलंकेचे उदाहरण. तिथे १९९५ मध्ये दर लाखामागे सुमारे ४७ आत्महत्या होत, जगातला तो अतिशय वरचा दर होता. सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर १९९५ आणि १९९८ मध्ये बंदी घातली. २००५ पर्यंत दर निम्म्यावर आला. गरिबी तीच होती आणि यादवी युद्धही संपलेले नव्हते. भाताचे उत्पन्नही या बंदीमुळे घटले नाही. आपल्याकडे चेन्नईच्या 'स्नेहा' संस्थेच्या (स्थापना १९८६) डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी तमिळनाडूतल्या दोन गावांत वेगळा प्रयोग केला. घरोघरच्या औषधांच्या बाटल्या गावातल्या एका खोलीत, बँकेच्या लॉकरसारख्या कुलूपबंद कप्प्यांत ठेवायच्या आणि फवारणीच्या दिवशी न्यायच्या. घर आणि बाटली यांच्यात चार गल्ल्यांचे अंतर पडले. रागाच्या भरात तेवढे चालणे पुष्कळदा पुरेसे असते.

दुसरे अंतर माणसाचे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये मांडले. गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि धीर द्यायला शिकवले, गरज पडेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवले. दीड वर्षात उपचारापर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. गेल्या वर्षात जीव द्यावासा वाटला असे सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. कापसाचा भाव त्या दीड वर्षात काही पालटला नव्हता. बदलले ते एवढेच, की विचारायला कोणीतरी उंबऱ्याशी येऊ लागले. भाव मागणे सोडावे असा याचा अर्थ नव्हे. भाव मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे, एवढाच अर्थ.

सतीश मन्वर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटात शेजारचा शेतकरी गेल्यावर एक बाई आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते. लहान मुलाला त्याच्या मागे धाडते, त्याला आवडते ते रांधते. प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी त्याचा घसा दाटतो. क्राइटमन आणि शिधये यांचे निष्कर्ष त्या बाईने वाचलेले नसतात. तिला ते ठाऊक असतात.

पुस्तकाचेही भय

एक शंका राहते. या विषयावर वाचणेच धोक्याचे नाही का? इतिहास सांगतो, की धोका लिहिण्याच्या पद्धतीत आहे. १७७४ मध्ये गटेची 'वेर्थर' ही कादंबरी आली आणि तिच्या नायकासारखे काही तरुण गेल्याची ओरड झाली. लाइपत्सिगमध्ये विक्रीवर बंदी आली. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स यांनी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरच्या अशा बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे आकड्यांनी दाखवले आणि त्याला वेर्थरचेच नाव दिले. २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी दुसरी बाजू मांडली. मोझार्टच्या एका संगीतिकेत पापागेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुले त्याला त्याच्याजवळच्या घंटांची आठवण करून देतात. संकटातून बाहेर आलेल्या माणसांच्या कहाण्या छापल्या, की असे मृत्यू कमी होताना दिसतात. व्हिएन्नात १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी भडक वर्णने थांबवल्यावर तिथल्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या झपाट्याने उतरल्या होत्या. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये तशाच सूचना काढल्या. आपली वर्तमानपत्रे अजून साधन, जागा आणि चिठ्ठी ठळक टायपात छापतात. परतून आलेल्यांची बातमी होत नाही.

मराठी कपाटातली उणीव इथेच आहे. दुःखाचे दस्तऐवज आपल्याकडे आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांनी मनाच्या आजारांवर सोप्या मराठीत भरपूर लिहिले, ठाण्यात १९९० मध्ये संस्थाही उभारली. पण परत आलेल्या कातकऱ्याची, भट्टीवरच्या बाईची, दहावीला नापास होऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या पोराची गोष्ट सांगणारे पुस्तक मला अजून मिळालेले नाही.

उंबरमाळीहून

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. आमच्या स्थानकापासून ते सुमारे ८० किलोमीटर. रोज बुडवून, भाडे भरून, 'वेड्यांच्या इस्पितळात गेला' हा शिक्का घेऊन तिथे जायचे. २०१५ मध्ये राज्य सरकारने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत. तिथे आशा कार्यकर्त्या घरोघरी मनाची विचारपूस करू लागल्या. ठाणे जिल्हा मुंबईला लागून, म्हणून सुखी समजला जातो. मुंबईला पाणी पाठवणाऱ्या धरणांच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. मनाच्या दवाखान्याचे तसेच आहे, शेजार मोठा आणि हाती काही नाही.

तरी दीडशे वर्षांची पुस्तके जे सांगतात ते आमच्या आवाक्याबाहेरचे नाही. भाताच्या औषधाची बाटली घराच्या आढ्याला न ठेवता सोसायटीच्या गोदामात कुलपात राहू शकते. आशाताईला दोन प्रश्न विचारायला शिकवता येते. वाचलेल्या माणसाला दवाखान्यात नेले म्हणून त्याच्यावर आता गुन्हा नाही, हे ग्रामसभेत वाचून दाखवता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास फुकट चालतो, मराठीत बोलतो. तो रेशन दुकानाच्या भिंतीवर भावफलकाशेजारी रंगवता येतो. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात कळ असेल तर तो आजच लावावा, आणि त्याआधी घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला हाक मारावी.

आणि भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा बयाणा निघण्याआधी ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवता येतो. रक्कम, मालक, भट्टीचे गाव आणि परतायची तारीख, एवढे चार रकाने पुरतील. त्या वहीत कारणांचा रकाना लागणार नाही.